अतिदक्षता विभागातून थेट घरी : रुग्णालयाच्या दर्जाचे उपचार घरी देण्यापूर्वी काय तपासून घ्यावे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझे वडील ७६ वर्षांचे आहेत आणि त्यांना अनेक वर्षांपासून सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा त्रास आहे. या वेळी न्यूमोनिया झाल्यामुळे त्यांना पुण्यातील एका खासगी रुग्णालयात दाखल करावे लागले. सुरुवातीला ते व्हेंटिलेटरवर होते. आता नळी काढली आहे, दिवसा नाकातून मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन चालू आहे आणि रात्री बायपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचा, मास्क लावावा लागतो. शिरेतून देण्याच्या प्रतिजैविकाचे आणखी काही दिवस शिल्लक आहेत. ते शुद्धीवर आहेत, बोलतात, थोडे जेवतात, परंतु अतिदक्षता विभागातील सततचा उजेड आणि यंत्रांचे आवाज यांमुळे त्यांना रात्र रात्र झोप लागत नाही आणि मधूनमधून ते भांबावल्यासारखे वागतात.

काल रुग्णालयाच्या समन्वयकांनी आम्हाला असे सुचवले की, वॉर्डात न हलवता त्यांना थेट घरी न्यावे आणि घरीच 'आयसीयू सेटअप' लावून घ्यावा. पलंग, मॉनिटर, बायपॅप, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र) आणि बारा बारा तासांच्या दोन परिचारिका असे सर्व एका कंपनीकडून मिळेल आणि रोजचा खर्च येथील खर्चाच्या निम्म्याहून कमी येईल, असे ते म्हणाले. आमचे घर सातारा शहराच्या बाहेर आहे. घरी सत्तरीची आई आहे. मी स्वतः पुण्यात नोकरी करते, पण काही आठवडे घरून काम करण्याची परवानगी मिळू शकेल.

वडिलांना घरी येण्याची फार ओढ आहे आणि त्यांची ती इच्छा पूर्ण व्हावी, असे मलाही मनापासून वाटते. तरीही पुण्याच्या रुग्णालयापासून शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर, रात्री तीन वाजता काही झाले तर काय, या प्रश्नाचे उत्तर मला कोणी दिलेले नाही. ज्यांनी अशी व्यवस्था पाहिली आहे किंवा चालवली आहे, त्यांनी कृपया सांगावे : ही पद्धत खरोखर सुरक्षित आहे का, आणि होकार देण्यापूर्वी मी रुग्णालयाला नेमके काय विचारले पाहिजे?

फुप्फुसवैद्य

मी श्वसनविकारांचा डॉक्टर आहे. आपल्या वडिलांना मी तपासलेले नाही, त्यामुळे त्यांच्यावरील उपचारांचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. मात्र आपण जे वर्णन केले आहे त्यावरून माझे मत स्पष्ट आहे. घरी न्यावे, पण आज नव्हे, आणि अतिदक्षता विभागातून थेट तर मुळीच नव्हे.

त्याचे कारण असे की, अतिदक्षता विभागात रुग्ण स्थिर दिसतो तो तेथील मनुष्यबळासह स्थिर असतो. कोणीतरी सतत मास्क सरळ करत असते, कोणीतरी कफ काढत असते, पहाटे धमनीतील रक्त घेऊन कार्बन डायऑक्साइड मोजला जातो आणि यंत्राचा दाब त्यानुसार बदलला जातो. हा आधार काढून घेतल्यावर रुग्ण तसाच स्थिर राहतो का, हे पाहण्यासाठीच वॉर्ड असतो. म्हणून आपली पहिली मागणी ही असावी की, जे बायपॅप यंत्र आणि जो मास्क घरी वापरायचा आहे तोच रुग्णालयात मागवून घ्यावा आणि वडिलांना वॉर्डात निदान दोन रात्री त्याच यंत्रावर ठेवावे. रुग्णालयातील मोठे व्हेंटिलेटर आणि भाड्याने मिळणारे घरगुती यंत्र यांत फरक असतो. त्या दोन रात्रींनंतर सकाळी रक्तातील वायूंची तपासणी चांगली आली, तर घरी जाण्याला आधार मिळतो.

दुसरा प्रश्न प्रतिजैविकाचा आहे आणि तो बहुतेक नातेवाईक विचारतच नाहीत. उरलेल्या दिवसांसाठी इंजेक्शन खरोखर आवश्यक आहे का? ताप उतरला आहे, रक्तदाब ठीक आहे, रुग्ण तोंडाने खातो आहे आणि जंतूवर चालणारी गोळी उपलब्ध आहे, अशा स्थितीत पुष्कळदा इंजेक्शनऐवजी गोळीवर जाता येते. तसे झाल्यास घरातील निम्मी गुंतागुंत तेथेच संपते. इंजेक्शन द्यायचेच असेल, तर ते दिवसातून किती वेळा आहे हे विचारा. सेफ्ट्रियाक्झोन किंवा एर्टापेनेमसारखे दिवसातून एकदा देण्याचे औषध घरी देणे शक्य असते. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमसारखे दर सहा किंवा आठ तासांनी देण्याचे औषध घरी नियमाने देणे पुष्कळ कठीण जाते. कोणत्याही नव्या प्रतिजैविकाचा पहिला डोस घरी देऊ नये, कारण तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया काही मिनिटांत जीवघेणी ठरू शकते.

आता मला सर्वाधिक काळजी वाटते तो मुद्दा. सीओपीडीच्या ज्या रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यांच्यासाठी ऑक्सिजनची पातळी साधारणपणे ८८ ते ९२ टक्के ठेवायची असते. घरात मॉनिटर आला की त्यावर ८९ हा आकडा दिसतो, नातेवाईक घाबरतात आणि प्रेमापोटी ऑक्सिजन दोनाचा चार लिटर करतात. आकडा ९७ वर जातो आणि सर्वांना हायसे वाटते. परंतु अशा रुग्णाला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढू लागतो. रुग्णाचे डोके दुखते, तो असंबद्ध बोलतो आणि मग गुंगीत जातो. घरच्यांना वाटते की, इतक्या दिवसांनी बाबांना शांत झोप लागली. मॉनिटरवर त्या वेळी सर्व काही उत्तम दिसत असते, कारण बोटाला लावलेला चिमटा कार्बन डायऑक्साइड मोजत नाही. वडिलांचा भांबावलेपणा केवळ झोपेअभावी आहे की कार्बन डायऑक्साइडमुळे आहे, हे घरी नेण्यापूर्वी डॉक्टरांकडून निश्चित करून घ्या. त्यांच्यासाठी ऑक्सिजनची खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा कागदावर लिहून घ्या आणि तो कागद पलंगाजवळच्या भिंतीवर लावा. नेब्युलायझर ऑक्सिजनवर चालवायचा की हवेच्या साध्या कॉम्प्रेसरवर, हेही त्यात असावे. अशा रुग्णांत तो हवेवर चालवणे योग्य असते.

आपण विचारलेला रात्री तीनचा प्रश्न हाच या सगळ्याचा गाभा आहे. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेने नोव्हेंबर २०२० मध्ये रुग्णालयांना रुग्णाच्या घरी आंतररुग्ण सेवा देण्याची मुभा दिली, तेव्हा काही अटी घातल्या होत्या. परिचारिकेने किंवा प्रशिक्षित पॅरामेडिकने दिवसातून किमान दोनदा प्रत्यक्ष घरी यावे, डॉक्टरांकडून किंवा तत्सम अधिकार असलेल्या चिकित्सकाकडून रोज तपासणी व्हावी आणि प्रकृती बिघडल्यास ३० मिनिटांच्या आत मदत घरी पोहोचावी, या त्यांतील मुख्य अटी होत. आपल्याकडे पलंग आणि मॉनिटर यांची यादी लांबलचक असते, पण या तीन ओळी करारात सापडत नाहीत. घरी गेल्यानंतर वडिलांवर उपचार करणारा डॉक्टर कोण, त्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक काय, तो किती दिवसांनी प्रत्यक्ष येणार आणि रात्री फोन कोण उचलणार, याचे लेखी उत्तर मिळाल्याशिवाय कृपया होकार देऊ नका.

परिचारिका_नाशिक

डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टींत मला घरातल्या प्रत्यक्ष कामाची भर घालायची आहे. मी जीएनएम, म्हणजे परिचर्येची पदविका घेतलेली परिचारिका, असून रुग्णालयातील नोकरीनंतर घरी जाऊन रुग्णसेवा करते.

सर्वांत आधी 'परिचारिका' म्हणून घरी कोण येणार आहे ते पाहा. बी.एस्सी. किंवा जीएनएम झालेली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेली व्यक्ती शिरेतून औषध देणे, सक्शन करणे, म्हणजे नळीने कफ ओढून काढणे, रुग्णाची बदलती अवस्था ओळखणे ही कामे करण्यासाठी प्रशिक्षित असते. ब्यूरोकडून येणाऱ्या मावशी किंवा मामा अंघोळ, कपडे, जेवण भरवणे, कूस बदलणे ही कामे फार चांगली करतात आणि त्यांच्याशिवाय घर चालतही नाही. परंतु त्यांच्याकडून इंजेक्शन किंवा बायपॅपच्या दाबाची जबाबदारी घेतली जाऊ नये. पुष्कळ ठिकाणी पहिले दोन दिवस नोंदणीकृत परिचारिका येते आणि नंतर त्याच दराने प्रशिक्षण नसलेली व्यक्ती पाठवली जाते. नोंदणी प्रमाणपत्र प्रत्येक नव्या व्यक्तीकडे मागा. त्यात अपमान वाटण्यासारखे काहीही नाही. आम्हाला ते मागितलेले आवडते. ज्या घरात प्रमाणपत्र पाहिले जाते, त्या घरात आमच्या नोंदीही वाचल्या जातात.

बायपॅपच्या बाबतीत दोन गोष्टी रोज पाहाव्या लागतात. मास्क घट्ट बसावा म्हणून पट्टे आवळले जातात आणि काही दिवसांतच नाकाच्या हाडावर जखम होते; एकदा ती झाली की रुग्ण मास्क लावूच देत नाही आणि मग सर्व उपचार अडतात. म्हणून पहिल्या दिवसापासून नाकावर संरक्षक पट्टी लावावी, आणि थोडी हवा गळत असेल व यंत्र ती भरून काढत असेल तर पट्टे आणखी आवळू नयेत. दुसरे म्हणजे, जेवणानंतर लगेच मास्क लावू नये. पोटात हवा जाते, उलटी होते आणि मास्कच्या आत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाण्याचा मोठा धोका असतो. रात्रीचे जेवण लवकर द्यावे, पलंगाची डोक्याकडील बाजू उचललेली ठेवावी, आणि मास्क स्वतःच्या हाताने ओढून काढता येतो की नाही हे रुग्णाकडून करून घ्यावे.

साताऱ्याबाहेरचे घर म्हणता, म्हणून विजेविषयी लिहिते. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण तीनशे ते चारशे वॅट वीज घेतो. घरातला इन्व्हर्टर पंखे आणि दिवे यांच्या हिशेबाने घेतलेला असतो. त्यावर कॉन्सन्ट्रेटर आणि बायपॅप दोन्ही लावले तर तो किती वेळ टिकेल, हे वीज जाण्याची वाट न पाहता मुख्य स्विच बंद करून आधीच पडताळावे. वीज नसतानाही चालणारी गोष्ट म्हणजे सिलिंडर. बी प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो, म्हणजे मिनिटाला दोन लिटर या दराने तो साधारण बारा तास पुरतो. मोठ्या डी प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर असतो, पण तो जागेवरून हलवणे एकट्या माणसाचे काम नाही. घरी एक डी आणि एक बी असावा, दोन्हींवर रेग्युलेटर आधीच बसवून तपासलेला असावा आणि चावी सिलिंडरलाच बांधून ठेवलेली असावी. अंधारात चावी शोधताना मी नातेवाईकांना रडताना पाहिले आहे.

आणि देवघर. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत निरांजन, उदबत्ती किंवा धूप लावू नये, आणि चेहऱ्याला व्हॅसलीन किंवा तेल लावू नये. आजारी माणसाच्या उशाशी उदबत्ती लावण्याची इच्छा घरातील वडीलधाऱ्यांना होते, ती मी समजू शकते. पूजा शेजारच्या खोलीत करावी, एवढे आईंना आधीच समजावून सांगा. सुया आणि लॅन्सेट (बोट टोचण्याच्या छोट्या सुया) जाड झाकणाच्या डब्यात साठवून कंपनीनेच परत न्यावेत, असेही ठरवून घ्या. घंटागाडीत टाकलेली सुई सफाई कामगाराच्या हातात घुसते.

विमामार्गदर्शक

खर्च निम्म्यावर येईल, हे समन्वयकांचे म्हणणे विम्याचा विचार केल्यावर कदाचित उलटे पडेल. वडिलांची आरोग्य पॉलिसी असेल तर ती आजच काढून वाचा.

बहुतेक पॉलिसींत घरी घेतलेल्या उपचारांसाठी 'डॉमिसिलरी हॉस्पिटलायझेशन' नावाचे कलम असते. त्याच्या प्रमाणित व्याख्येनुसार, एरवी रुग्णालयात दाखल करावे लागले असते असे उपचार दोनच परिस्थितींत घरी घेतलेले चालतात : एक, रुग्णाला रुग्णालयात हलवणेच शक्य नसेल, दोन, रुग्णालयात खाट उपलब्ध नसेल. आपले वडील आधीच रुग्णालयात आहेत आणि तेथून घरी येणार आहेत, म्हणजे या दोन्ही अटींत ते बसत नाहीत. शिवाय अनेक पॉलिसींत या कलमातून दमा, ब्राँकायटिस, मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारखे विकार सरसकट वगळलेले असतात आणि सीओपीडीचा दावा नेमका तेथेच अडवला जातो.

त्यानंतर उरते ते 'रुग्णालयोत्तर खर्चा'चे कलम. उदाहरणार्थ, आरोग्य संजीवनी पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांचा संबंधित वैद्यकीय खर्च समाविष्ट असतो. यात औषधे आणि तपासण्या सहसा मिळतात, परंतु परिचारिकेचा पगार, भाड्याचा पलंग, मॉनिटर आणि बायपॅप यंत्राचे भाडे पुष्कळदा नाकारले जाते. याचा अर्थ असा की, रुग्णालयातील जे बिल विमा कंपनी भरत होती त्याच्या जागी तुलनेने लहान दिसणारे बिल आपल्या खिशातून जाऊ लागते. मागच्या काही वर्षांत काही कंपन्यांनी 'होम केअर' नावाची वेगळी तरतूद आणली आहे. करोनाच्या काळात, जुलै २०२० मध्ये आलेल्या कोरोना कवच पॉलिसीत घरच्या उपचारांचा १४ दिवसांपर्यंतचा खर्च मान्य केलेला होता आणि त्यानंतर ही कल्पना विमा क्षेत्रात रुजली. अशी तरतूद आपल्या पॉलिसीत असली, तरी तिला पूर्वमंजुरी लागते आणि डॉक्टरांचे लेखी पत्र व रोजच्या उपचारांची नोंदवही लागते. डिस्चार्जनंतर मंजुरी मागितली तर ती मिळणे कठीण असते, म्हणून क्रम पाळा : आधी मंजुरी, मग डिस्चार्ज.

यारा_किनारा

मी मेलबर्नमध्ये रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. येथे व्हिक्टोरिया राज्यात १९९४ पासून 'घरातील रुग्णालय' ही सरकारी योजना चालू आहे आणि आमच्या विभागाचे बरेचसे काम त्या रुग्णांसाठीच असते. तुलनेसाठी लिहिते.

येथे असा रुग्ण घरी गेला तरी कागदोपत्री आणि प्रत्यक्षातही तो रुग्णालयात दाखलच असतो. त्याचा डिस्चार्ज झालेला नसतो. त्याची फाईल वॉर्डातील रुग्णांच्या फाइलींबरोबर असते, त्याच्या औषधांची तपासणी आम्ही वॉर्डातल्यासारखीच करतो आणि प्रकृती बिघडल्यास त्याला पुन्हा खाट देणे हे रुग्णालयाचे कर्तव्य असते. शिरेतून दिवसातून अनेक वेळा द्यावी लागणारी काही प्रतिजैविके आम्ही फुग्यासारख्या एका उपकरणात भरून देतो; तो रबरी फुगा हळूहळू आकसत चोवीस तासांत औषध शरीरात सोडतो आणि परिचारिका दिवसातून एकदाच येऊन तो बदलते. वीज लागत नाही, रुग्ण तो पिशवीत घालून घरात हिंडू शकतो. त्वचेखालील ऊतींच्या संसर्गाचे, हाडांच्या संसर्गाचे रुग्ण अशा रीतीने आठवडेच्या आठवडे घरी उपचार घेतात.

तरीही कोणाला घरी पाठवायचे याचे निकष कडक आहेत. बोस्टनमधील एका रुग्णालयाने केलेला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयावर वारंवार सांगितला जातो. त्यात ९१ रुग्ण होते. घरी उपचार घेतलेल्यांचा खर्च ३८ टक्क्यांनी कमी आला आणि तीस दिवसांत पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण रुग्णालयातील गटात २३ टक्के, तर घरच्या गटात ७ टक्के होते. हे आकडे खरोखर आशादायक आहेत. परंतु त्या अभ्यासात घेतलेले सर्व रुग्ण रुग्णालयापासून पाच मैलांच्या, म्हणजे सुमारे आठ किलोमीटरच्या आत राहणारे होते. आपल्याला जी कंपनी 'परदेशातही असेच करतात' असे सांगत असेल, तिला हे अंतर जरूर विचारा. पुणे ते सातारा हे अंतर घेऊन असा प्रयोग कोणी करणार नाही. वडिलांना घरीच न्यायचे असेल, तर त्यांचे रुग्णालय पुण्यात न राहता साताऱ्यात असायला हवे, असे मला वाटते.

वैनगंगा

वरील प्रतिसादांत अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया आले, म्हणून महाराष्ट्रातील एक उदाहरण मांडतो, कारण ते या प्रश्नाला थेट लागू पडते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत नवजात बालकांची घरोघरी सेवा सुरू केली आणि तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर त्याला रुग्णालयातच दाखल केले पाहिजे, असे तोवरचे सर्वमान्य मत होते. त्या गावांतून रुग्णालयात पोहोचणे बहुतेक आईवडिलांना शक्य नव्हते, किंवा ते जात नव्हते. तेव्हा गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन, ठरावीक लक्षणांवरून संसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला शिकवले गेले. तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले.

त्या झोपड्यांत मॉनिटर नव्हता. कोणती लक्षणे दिसली तर काय करायचे याचे पक्के नियम होते, बाळाकडे ठरलेल्या दिवशी जाणारी एक व्यक्ती होती आणि तिच्या कामाची नियमित तपासणी करणारे डॉक्टर होते. नवजात बाळ आणि ७६ वर्षांचा सीओपीडीचा रुग्ण यांची बरोबरी मी करत नाही. पण आपल्याला देऊ केलेल्या पॅकेजमध्ये यंत्रे आहेत आणि या तीन गोष्टींचा उल्लेखच नाही, हे मला फार खटकले. भाड्याची यादी बाजूला ठेवून आधी त्या तिन्ही गोष्टी मागा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आपले प्रतिसाद छापून मी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि समन्वयकांना वगळून थेट त्यांच्याशी बोलले. रक्तातील वायूंच्या कालच्या तपासणीत कार्बन डायऑक्साइड अजूनही वाढलेला होता, त्यामुळे थेट घरी नेण्यास त्यांनी स्वतःच नकार दिला. वडिलांना उद्या वॉर्डात हलवत आहेत आणि घरी न्यायचे बायपॅप यंत्र तेथेच मागवले आहे. प्रतिजैविक तोंडावाटे देता येईल का, हे कल्चरचा, म्हणजे जंतू ओळखण्याच्या तपासणीचा, अहवाल पुन्हा पाहून ते ठरवणार आहेत. विम्यात होम केअरची तरतूद नाही. वॉर्डाचा खर्च मात्र मिळेल.

साताऱ्यातील एका श्वसनविकारतज्ज्ञांनी पुढील जबाबदारी घेण्याची तयारी दाखवली आहे. त्यांचे रुग्णालय आमच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे आणि गरज पडल्यास तेथे दाखल करून घेऊ, असे ते म्हणाले. आता दोनच शंका उरल्या आहेत. त्यांना देण्यासाठी येथून कोणती माहिती घ्यावी? आणि परिचारिका असली तरी आईला यंत्राचे काही शिकवावे का, की तिच्यावर तो ताण टाकू नये? ती घाबरलेली आहे.

फुप्फुसवैद्य

हे फार चांगले झाले. डिस्चार्ज कार्डावर बहुधा औषधेच असतात. त्याखेरीज या गोष्टी लेखी घ्या : बायपॅपचा श्वास घेतानाचा व सोडतानाचा दाब आणि ते किती तास लावायचे. ऑक्सिजन किती लिटर आणि पातळीच्या दोन्ही मर्यादा. रक्तातील वायूंचे दाखल होतानाचे आणि घरी जातानाचे अहवाल, कारण त्यांचा नेहमीचा कार्बन डायऑक्साइड किती हे माहीत नसेल तर साताऱ्यातील डॉक्टरांना नवा बिघाड ओळखता येणार नाही. कल्चरमध्ये कोणता जंतू सापडला आणि त्यावर कोणती औषधे चालतात. स्टेरॉइड चालू असेल तर ते कोणत्या तारखेला किती कमी करायचे.

आणखी एक अवघड विषय आहे. पुन्हा श्वास बिघडला तर व्हेंटिलेटरची नळी घालावी अशी वडिलांची स्वतःची इच्छा आहे का, हे ते शांत आणि पूर्ण शुद्धीत असताना, डॉक्टरांसमोर, त्यांनाच विचारा. त्यांचे उत्तर काहीही असो, ते आपल्याला आणि साताऱ्यातील डॉक्टरांना आधी ठाऊक असले पाहिजे. मध्यरात्री रुग्णवाहिकेत तो निर्णय आईंवर येऊ नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या घरापर्यंत कोणत्या रस्त्याने येईल आणि जवळची ठळक खूण कोणती, हेही त्याच कागदावर लिहून ठेवा.

परिचारिका_नाशिक

आईंना जरूर शिकवा, पण घरी नव्हे, वॉर्डातच. मास्क लावणे, काढणे आणि यंत्र बंद पडल्यास सिलिंडरची नळी जोडणे, एवढ्या तीनच गोष्टी शिकवा. पहिल्यांदा वॉर्डातील परिचारिकेने करून दाखवावे, नंतर आईंनी तिच्यासमोर करावे आणि तुम्ही केवळ पाहावे. मध्ये बोलू नये. दोन रात्री त्या तेथे असणारच आहेत, तेवढ्यात हात बसतो. दाब बदलणे किंवा ऑक्सिजन वाढवणे हे त्यांना शिकवू नका, आणि ते त्यांचे काम नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. त्यामुळे त्यांची भीती बरीच कमी होईल.

घरी येणाऱ्या परिचारिकेलाही डिस्चार्जच्या दिवशी पुण्यातच बोलवून घ्या. वॉर्डातील परिचारिकेकडून तिने रुग्ण प्रत्यक्ष ताब्यात घ्यावा आणि रुग्णवाहिकेतून वडिलांबरोबर साताऱ्याला यावे. कंपनी त्याचे वेगळे पैसे मागेल. ते द्यावेत, असे माझे मत आहे.